भरती नसलेला दर्या

॥ आई एकवीरा प्रसन्न ॥
दिवाळे, बेलापूर
मार्गशीर्ष वद्य पंचमी

गं. भा. शांती हिस वैनी चांगुनाचे आशीर्वाद. वि. वि.

तू जाऊन महिना झाला. बँजो लावून, हार घालून, गावभर पेढे वाटून लेकाबरोबर युरोपला गेलीस. त्या पेढ्यांनी माझ्या नातवाचं, अंकुरचं पोट दोन दिवस बिघडलं. हे तुला कोणी सांगितलं नसेल म्हणून मी सांगते.

माझे कान जड झाल्यापासून फोनवरचं ऐकू येत नाही, तो माझ्या काय कामाचा. दुसऱ्या कोणी तुला लावला तर दिपेश म्हणतो आई झोपली, इथली वेळ वेगळी. महिनाभर झोपलीस की काय? म्हणून लिहिते. चौथीपर्यंतची शाळा आता कामाला आली. नात अर्पिता या कागदाचा फोटो काढून तुझ्या दिपेशच्या फोनात सोडेल. तुझं उत्तर तसंच येऊ दे.

तुझ्या घरात दिपेशनं जे दोन भाडेकरू घुसवलेत ते पडवीत चड्ड्या वाळत घालतात. बाजाराला जाताना रोज सकाळी तेच दर्शन. पण ते राहू दे. खरी गोष्ट बाजारातल्या तुझ्या ओट्याची आहे. मी त्यावर माझी रिकामी पाटी ठेवते, नाहीतर मांजरं आणि कृष्णातची सून, दोघांचा त्यावर डोळा. बाजाराचा प्रमुख रणजीत परवा येऊन सांगून गेला, शिमग्यापर्यंत शांती आली तर ओटा तिचा, नाहीतर कृष्णातच्या सुनेचा. जन्मभर तू माझ्या डाव्या हाताला बसलीस. ती सून कोलंबी सोलताना मोबाइल बघते आणि गिऱ्हाइकाला सर म्हणते. मला तिच्या शेजारी बसून मरायचं नाही. येणार की नाही ते एका शब्दात लिही.

आता तुझ्या युरोपविषयी. अर्पितानं लॅपटॉपवर त्याचा नकाशा लावला. कागदाचा नव्हे, बोट लावलं की हलणारा. देशाला बोट लावलं की तो फुगून पुढं येतो, आपलं नाव सांगतो, माणसं किती, डोंगर किती ते सांगतो. बाजूला बटणं आहेत, नद्यांचं, थंडीचं, दर्याच्या खोलीचं. मला वाटलं होतं युरोप म्हणजे काहीतरी भारी असेल. बघते तर जाळं झटकल्यावर तळाला राहतो तसला कचरा. एक देश एवढासा की माझं बोट टेकलं तर तो आणि त्याचा शेजारी दोन्ही झाकले गेले. एक तर सरळ बुटासारखा. इतक्या शिकलेल्या लोकांना देश करायला दुसरा आकार सुचला नाही. त्याला बोट लावून मी पदराला पुसलं.

तुझं गाव शोधता शोधता डाळ करपली. ग्दान्स्क. नाव आहे की घशात काटा अडकलाय? मी एकदा मोठ्यानं म्हणून बघितलं तर अंकुर पाणी घेऊन धावत आला.

आणि आपण त्या नकाशात नाहीच. मी उजवीकडं सरकवत गेले, सरकवत गेले, तर एका जागी नकाशा संपला आणि पुढं नुसतं पांढरं. अर्पिता म्हणते, आजी, तो युरोपचा आहे, त्यात आपण कसे असणार. मी म्हटलं, ते आपल्या किनाऱ्यावर आले तेव्हा असं नव्हते म्हणाले.

तिथं कसली मासळी येते, काय भाव, दर्या कसा आहे, तेवढं लिही. बाकीचं मला नको. लोभ वाढव म्हणत नाही, आहे तेवढा नासू देऊ नकोस.

चांगुना

---

ग्दान्स्क, पोलंड
१८ डिसेंबर

ती. वैनीस शांतीचा शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र पोचले. आपण सर्व खुशाल आहात हे वाचून आनंद झाला. इकडे सर्व क्षेम आहे.

ग्दान्स्क हे पोलंड देशाचे मोठे बंदर आहे. येथे विस्तुला नदी समुद्रास मिळते. तिची लांबी एक हजार सत्तेचाळीस किलोमीटर आहे. देशाच्या दक्षिणेस कार्पेथियन नावाचा पर्वत आहे आणि पश्चिमेस जर्मनी हा देश आहे. समुद्र किनाऱ्यापाशी फिकट निळा आहे, मग एक रेघ आणि त्यापुढे गडद निळा. थंडी पुष्कळ आहे. बर्फ पडतो. तो पांढरा असतो.

दिपेश व सूनबाई कामावर जातात. मला स्वतंत्र खोली आहे. वेळेवर चहा मिळतो, वेळेवर जेवण, वेळेवर दिवे बंद होतात. कोणाचा त्रास नाही. मी खिडकीत बसून पाण्याकडे बघते. मासळी बरी मिळते.

ओट्याचे आपण लिहिलेत, पण एका शब्दात कसे सांगू. रणजीतला थोडे थांबायला सांगावे. कृष्णातच्या सुनेशी भांडू नये, आपला रक्तदाब वाढतो. अर्पिता आणि अंकुर यांस आशीर्वाद. आपली माया आजवर पुरली, यापुढेही पुरावी.

आपली,
शांती

---

॥ आई एकवीरा प्रसन्न ॥
दिवाळे
पौष शुद्ध सप्तमी

शांतीस चांगुनाचे आशीर्वाद, जेवढे उरलेत तेवढे. वि. वि.

तुझं पत्र वाचून तोंड असं कडू झालं, जसं काय पित्त फुटलेला मासा खाल्ला. मला आपण? माझ्या लग्नाच्या दिवशी तू शेंबूड पुसायला माझा शालू घेतला होतास. तेव्हापासून मी तुला तू आणि तू मला तू. एका महिन्यात पोलंडनं तुला आपण शिकवलं असेल तर तो देश बुडवलेला बरा.

नदीची लांबी कोणी विचारली होती? आपली खाडी किती लांब हे तू कधी मोजलंस? तिच्यात कंबरभर चिखलात उभं राहून कालवं काढलीस, पण मोजलीस का? आणि दर्यात रेघ असते का गो? तुझं पत्र वाचून मी अर्पिताला नकाशा उघडायला लावला, खोलीचं बटण दाबायला सांगितलं. तर किनाऱ्याला फिकट निळा, मग रेघ, मग गडद निळा. जशीच्या तशी. तू खिडकीतून दर्या बघतेस की लॅपटॉप?

मासळी बरी मिळते. हे वाक्य कांदा-लसूणसुद्धा न खाणाऱ्या माणसाचं आहे. एवढी वर्षं मासळी विकली आणि एका माशाचं नाव नाही, भाव नाही, ताजी की बर्फातली ते नाही. तुझा बाप मरताना शुद्धीत नव्हता, तरी विचारत होता आज जाळ्यात काय आलं. तू त्याचीच मुलगी ना?

आणि घरातले दिवे वेळेवर बंद कोण करतं? तुझी सून? तिला दिवा लावायचा आळस, ती बंद कशाला करेल.

नकाशात थंडीचंही बटण आहे. महिन्यांची पट्टी सरकवली की देशांचे रंग बदलतात. डिसेंबरात पोलंड निळा पडतो, जानेवारीत आणखी निळा, पाण्यातून काढलेल्या मढ्याच्या ओठासारखा. बघून मला शिसारी आली. लेकानं आईला असल्या रंगाच्या जागी नेऊन ठेवायचं म्हणजे काय म्हणावं.

इथलं म्हणशील तर टॉवरातली गिऱ्हाइकं नाकाला रुमाल लावून येतात आणि बिनकाट्याचा बोंबील मागतात. एकीनं विचारलं, मावशी, याला वास का येतो. मी म्हटलं, तुला येत नाही का, दाखव. ती गेली ती परत आली नाही. कृष्णातची सून परवा तुझ्या ओट्यावर उशी टाकून बसली. उशी! मी बर्फाचं पाणी ओतलं, चुकून. रणजीत ओरडून गेला, म्हणाला शिमग्यापुढं एक दिवसही थांबणार नाही. तेव्हा मला थांबायला सांगावे असलं काही लिहू नकोस. यायचं की नाही ते लिही.

पुनव आली आहे. भरतीला तिथं पाणी कुठवर चढतं ते कळव. म्हणजे तू दर्याकाठी आहेस एवढं तरी मला पटेल. नाराज आहे, पण आहे तुझीच.

चांगुना

---

ग्दान्स्क
३ जानेवारी, पौष पुनव

ती. वैनीस शांतीचा नमस्कार. वि. वि.

तू नको रागावूस. आपण म्हणून लिहिलं ते चुकलं. परदेशाहून लिहायचं म्हणून नीट लिहायला गेले.

तू पाण्याचं विचारलंस म्हणून आज दिवसभर खिडकीतून हलले नाही. दुपारी जेवणं उरकता उरकता पाणी भरलं, आणि मागच्या भिंतीला लागलं. चांगली उधाणाची भरती होती. दिवेलागणीला सगळं ओसरून चिखल उघडा पडला, बगळे उतरले. चिखलाचा वास आत खोलीपर्यंत आला तेव्हा बाकीच्या बायकांनी खिडक्या लावायला लावल्या. मी माझी लावली नाही. विमानं फार खालून जातात, भांडी वाजतात. रात्री पल्याडच्या काठाला दिवे दिसतात ते बघत बसते.

मासळीचं विचारू नकोस. पोट बरं नसतं म्हणून बंद केली आहे.

वैनी, ओटा देऊन टाक. कृष्णातची सून काही वाईट नाही, लहान आहे, शिकेल. मी पेढे वाटून आलेली बाई, आता कुठल्या तोंडानं परत येऊ. दिपेशचं इथं नीट बसलं आहे. माझंही बसेल. आपल्यातला जुना जिव्हाळा असू दे, म्हणजे झालं.

शांती

---

॥ आई एकवीरा प्रसन्न ॥
दिवाळे
माघ वद्य पंचमी

शांतीस चांगुनाचे आशीर्वाद. वि. वि.

उत्तराला महिना लावला, कारण मला खात्री करायची होती. माणसाला शिव्या घालायच्या तर नीट चौकशी करून घालाव्यात.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी अर्पिताला म्हटलं, नकाशात भरतीचं बटण आहे का बघ. होतं. दाबलं की किनारे रंगतात. जिथं पाणी जास्त चढतं तिथं जांभळं, जिथं कमी तिथं पिवळं. फ्रान्सच्या एका कोपऱ्याला एवढं जांभळं की मला जरा बरं वाटलं, म्हटलं चला, यांच्याकडंही दर्या आहे. मग तुझ्या ग्दान्स्कला बोट लावलं. रंगच नाही. अर्पितानं वाचून दाखवलं, तिथं भरती-ओहोटी जवळजवळ नाही, पाणी चढलं तर चार बोटं. मी तीनदा वाचायला लावलं. मशीन चुकलं असेल म्हणून दुसऱ्या दिवशी परत लावायला लावलं. तेच.

चढत नाही, उतरत नाही, असा कसला दर्या? ती तर दावणीला बांधलेली म्हैस. असल्या पाण्याला नारळ तरी कसा वाहायचा, जागेवरच कुजेल. आणि तुझ्या ग्दान्स्कात पुनवेला दुपारी उधाण आलं, भिंतीला लागलं, दिवेलागणीला चिखल उघडा पडला. शांती, पुनवेला दुपारी कुणाचं पाणी भरतं ते तुला माहीत आणि मला माहीत. त्या दिवशी त्याच वेळी आपल्या जेट्टीला पाणी टेकलं होतं. मी तिथंच होते, बोटीतून टोपल्या उतरवत.

तू सगळा पोलंड पाठ केलास, फक्त भरती आपली घातलीस. कोळणीला दुसरं सुचणार तरी काय म्हणा.

मंगळवारी मी अंकुरला होडी काढायला लावली. त्याला म्हटलं खाडीच्या पल्याड कालवं बघायची आहेत. उलव्याच्या मागं, नवीन विमानतळाच्या बाजूला, पाण्याला लागून भिंत असलेली पांढरी इमारत आहे. वरून विमानं जातात, भांडी वाजत असणार. मागच्या तारेवर हिरवं लुगडं वाळत होतं. मी दिलेलं, काठाला ठिगळ असलेलं. गेटावरच्या माणसाला विचारलं तर म्हणाला म्हाताऱ्या माणसांचं घर आहे, महिन्याचे पैसे मुलं भरतात, सगळं स्वच्छ, सगळं शाकाहारी.

शाकाहारी. ते ऐकून मी तिथंच थुंकले.

मी आत आले नाही. हाक मारली नाही. अंकुरलाही तोंड उघडू दिलं नाही. नकाशा जिथं संपतो आणि पुढं पांढरं लागतं, तिथं तू बसली आहेस, माझ्यासमोर, खाडीच्या दुसऱ्या बाजूला. ग्दान्स्काहून जे दिवे तू रात्रीचे बघतेस ना, त्यातला डावीकडून पहिला माझ्या मोरीचा आहे.

हा कागद ज्याच्या फोनातून जाणार आहे त्या दिपेशला आता दोन शब्द. दिपेश, तू हे वाचतोयस हे मला ठाऊक आहे. तुझी नाळ मी कापली आहे, आणि मासे कापायच्या विळीनं नव्हे, एवढं तुझं नशीब. आईला सांभाळायला जमत नाही, ते मी समजू शकते, पुष्कळांना जमत नाही. पण तिच्या ताटातली मासळी काढून तिला वाफवलेला दुधी घालतोस, आणि वर गावाला सांगतोस आई झोपली आहे, त्याची मला ओकारी येते. हा फोटो पुढं पाठव. पाठवला नाहीस तर मी पुढच्या मंगळवारी बँजो घेऊन त्या गेटावर जाईन.

आता शांती, तू ऐक. अवसेला दुपारी परत भरती आहे. अंकुरची होडी तुझ्या भिंतीला लागेल. तुझ्या घरात ते चड्डीवाले आहेत तोवर माझ्याकडं राहायचं. गावाची लाज वाटत असेल तर तीही सोय मी केली आहे. विमानतळ तुझ्या उशाशी आहे. अंकुर तुला तिथं गेटापाशी सोडेल, बॅग घेऊन उभी राहा. मी बाकीच्यांना टेम्पोत घालून आणते, हार घालू, पेढे तूच वाटलेस म्हणून या खेपेला मी वाटते. युरोप तुला पाठ आहेच, नदीची लांबी सांग, पर्वत सांग, सगळे गप्प बसतील. फक्त भरतीचं कोणाजवळ बोलू नकोस. दिवाळ्यात माझ्याशिवाय आणखी पाच म्हाताऱ्या जिवंत आहेत.

मला असलं खोटं बोलायची किळस आहे. पण कृष्णातच्या सुनेची जास्त आहे. उत्तर एका शब्दात दे.

चांगुना

---

उलव्याच्या मागं, खाडीकाठ
माघ वद्य अष्टमी

वैनी, तुझ्या पाया पडते.

दिपेशनं तुझा फोटो तसाच्या तसा पाठवला. वर एक अक्षर लिहिलं नाय. तीन वेळा वाचला. मग खिडकीत जाऊन डावीकडचा पहिला दिवा बघितला. तो तुझ्या मोरीचा हाय हे माहीत नव्हतं. मी रोज त्यालाच बघत होते, कारण सगळ्यात उशिरा तोच विझतो.

एकट्या दिपेशला नको बोलू. त्याचे नि सुनेचे व्हिसाचे कागद झाले, माझे नाय झाले. मला दोन दिवस आधी कळलं. तोवर बँजो सांगून झाला होता, पेढे वाटून झाले होते. तो म्हणत होता गावाला सांगू. मीच म्हटलं गप राहा. म्हटलं महिनाभर कुठं तरी ठेव, कागद झाले की नेशील. त्यानं ठेवलं. महिन्याचे तीन झाले, आता तो कागदाचं बोलत नाय आणि मी विचारत नाय. जाताना त्याचा जुना टॅब देऊन गेला, त्यात तो नकाशा लावून. म्हणाला, मी कुठं हाय ते बघत जा. मी बघत गेले. ग्दान्स्कवर बोट ठेवून बसायचे. काचेला वास नसतो वैनी. तुला मासळीचं काय लिहिणार होते.

तू आधीच विचारलं असतंस तरी मी खरं बोलले नसते. तू भरतीचं विचारलंस, तिथं हात आपोआप चालला.

अवसेला होडी आन. पण विमानतळ नको. हार नको, टेम्पो नको. आता आणखी एक देश पाठ करायची माझ्यात ताकद नाय. मी सरळ आपल्या जेट्टीवर उतरेन, भर दुपारी, सगळ्या बायका जाळी निवडायला बसलेल्या असतात तेव्हा. चिखलाचे पाय घेऊन त्यांच्या मधून चालत जाईन. हसू दे मेल्यांना. ज्यांनी माझे पेढे खाल्ले त्यांना हसायचा हक्क हाय. त्या दिवशीच ओट्यावर बसेन. रणजीतला सांग, धुऊन ठेव म्हणावं. कृष्णातच्या सुनेला सांग उशी उचल, पण तिला माझ्या डाव्या हाताला जरा सरकून बसू दे. तिला बोंबील साफ करायला कोणी शिकवलं नसेल.

येताना माझी विळी आन, ती तुझ्याकडंच हाय. आणि कागदात बांधून सुके बोंबील आन, भाजलेले. मी होडीतच खाईन, काठ येईस्तोवर.

लोभ हाय तेवढा पुरे. बोंबील तेवढे वाढव.

तुझी
शांती